एकरी उतारा विचारला का?

पत्र असं आलंय:

‘मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनरल सर्जरीची सहयोगी प्राध्यापक आहे. वय ४३. मागच्या महिन्यात आमच्या अधिष्ठात्यांनी तिघांची कमिटी नेमली आणि त्यात मला घातलं. काम असं, की कॉलेजातल्या सगळ्या ६१ शिक्षकांची “रिसर्च प्रॉडक्टिव्हिटी” मोजायची, शंभरपैकी गुण द्यायचे आणि यादी नोटीस बोर्डावर लावायची. संशोधनाचा निधीही पुढे त्या यादीप्रमाणेच वाटणार म्हणे. कमिटीतल्या एकाने एक्सेल शीट बनवूनही आणली: प्रत्येक पेपरला ५ गुण, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर गुणिले २, वर एच-इंडेक्स. त्या हिशोबाने आमचे विभागप्रमुख पहिले येतात. त्यांचे ५२ पेपर आहेत. त्यातले निदान ३० आमच्या पीजी (पदव्युत्तर) विद्यार्थ्यांच्या थिसिसवरचे, आणि सरांनी ते सगळे वाचले असतील याची मला खात्री नाही. माझे १४ पेपर, एच-इंडेक्स ६. यादीत मी ३८वी. हे गुण नीट द्यायचे कसे? आणि खरं सांगा, ६ म्हणजे फारच कमी का?’

प्रिय अडतिसाव्या डॉक्टर,

पहिला प्रश्न कमिटीचा आहे, दुसरा तुमचा. ‘खरं सांगा’ तुम्ही दुसऱ्यालाच जोडलंत, तेव्हा आधी तोच घेते.

बायोडेटा आणि ती एक्सेल शीट, दोन्ही जोडलंत ते बरं केलंत. तुमच्या १४ पेपरांची सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत आलेले उल्लेख, उतरत्या क्रमाने लावली तर ३१, २२, ११, ९, ७, ६, ४ अशी येतात, पुढे सगळी चिल्लर. सहाव्या पेपरला सहा आहेत, सातव्याला सात नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ६. एवढंच ते गणित. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये ते मांडलं, आणि मांडताना त्यांच्या डोळ्यांसमोर होते भौतिकशास्त्रज्ञ. रात्री दोन वाजता फुटलेलं अपेंडिक्स काढणारी बाई नव्हती.

या आकड्याची गंमत बघा. उद्या तुमच्या पहिल्या पेपरची ३१ सायटेशन ३१०० झाली, जगभरचे सर्जन तुमच्या पद्धतीने टाके घालू लागले, तरी तुमचा एच-इंडेक्स ६च राहील. उलट, उद्यापासून तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत तरी तो कमी होणार नाही, झालाच तर वाढेल. चष्म्याच्या नंबरासारखा तो वयाबरोबर चढतो. ४३ वर्षांच्या बाईचा नंबर ५८ वर्षांच्या गृहस्थांपेक्षा कमी आहे म्हणून कोणी तिला अडतिसावी ठरवत नाही. हे हिर्श यांनाही कळत होतं, म्हणून त्यांनीच एच-इंडेक्सला पहिल्या पेपरापासूनच्या वर्षांनी भागून बघायला सांगितलं होतं. तुमचा पहिला पेपर १२ वर्षांपूर्वीचा, म्हणजे ६ भागिले १२, अर्धा. सरांचा २९ वर्षांपूर्वीचा आणि एच-इंडेक्स ११, म्हणजे ०.३८. (हे सरांना ऐकवू नका. तुमचा सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, तेच लिहितात.)

आणखी एक. त्या शीटमध्ये शेवटचा एक अरुंद रकाना आहे, ‘सोर्स’ नावाचा. तो रुंद करून पाहिलात का? तुमच्यापुढे स्कोपस लिहिलंय, म्हणजे निवडक जर्नलांचीच सूची, आणि सरांपुढे गूगल स्कॉलर. गूगल स्कॉलर थिसिस मोजतं, परिषदांच्या पुस्तिका मोजतं, कुठल्या तरी वेबसाइटवर पडलेल्या पीडीएफमधला उल्लेखही मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपसपेक्षा बहुतेक वेळा मोठाच निघतो. एकाचं दूध डेअरीत मोजलं आणि दुसऱ्याचं गोठ्यात, पाणी धरून. कमिटीची पुढची बैठक होईल तेव्हा आधी एवढं दुरुस्त करून घ्या. यादी तिथेच थोडी हलेल.

पण ६ कमी का जास्त, हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. तुम्ही मराठवाड्यातल्या, तेव्हा तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. शेजारच्या शिवारात कोणी म्हणालं, ‘औंदा साठ क्विंटल सोयाबीन झालं,’ तर ऐकणारा लगेच वाहवा करत नाही. तो विचारतो, किती एकरात? पाणी होतं का कोरडवाहू? एकरी उतारा काय पडला? प्रॉडक्टिव्हिटी या शब्दाचा अर्थ तोच आहे, एकरी उतारा. तुमच्या शीटमध्ये क्विंटल आहेत, एकर कुठेच नाहीत. ते प्रॉडक्शन आहे, आणि कमिटी त्यालाच प्रॉडक्टिव्हिटी म्हणतेय.

वैद्यकीय प्राध्यापकाचा एकर म्हणजे त्याचा वेळ. तुम्ही लिहिलंय, तुमच्या युनिटला आठवड्यात दोन ओपीडी, दोन ओटी (ऑपरेशनचे दिवस), एक इमर्जन्सी, वर एमबीबीएसच्या मुलांची लेक्चरं आणि पीजींच्या केसेस. त्यात संशोधनाला उरतं काय? रविवारची दुपार, तीही इमर्जन्सीचा कॉल नसेल आणि घरी पाहुणे नसतील तर. अमेरिकेत एनआयएच ही सरकारी आरोग्य-संशोधन संस्था तरुण डॉक्टर-संशोधकांना करिअर अनुदान देते, तेव्हा कॉलेजकडून लिहून घेते की या माणसाचा ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखलेला राहील. सर्जन मंडळींना काही ठिकाणी ५० टक्क्यांची सवलत मिळते, कारण हात चालू राहायला हवा. म्हणजे तिथे आधी वावर मोजून देतात, मग पीक विचारतात. आपल्याकडे वावर ओपीडीत गेलेलं असतं आणि उतारा मात्र बागायतीचा मागतात.

गंगाराम रुग्णालयाचे डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा दहा वर्षांचा, २००५ ते २०१४ चा, हिशोब छापला होता. वर्षाला शंभरपेक्षा जास्त पेपर देणाऱ्या संस्था फक्त २५. आणि ३३२ संस्थांचा दहा वर्षांत एकही पेपर नाही. शेजारी तुलनेला बोस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल होतं, वर्षाला ४६०० च्या वर. आकडे खरे आहेत आणि लाज वाटायला हवी तिथे वाटावीच. पण त्यानंतर आपल्या कॉलेजांतून जी आरडाओरड झाली ती सगळी पेपरांच्या संख्येवर. त्या ३३२ ठिकाणी शिक्षकाला आठवड्यात किती तास मोकळे मिळतात, स्टॅटिस्टिशियन आहे का, एथिक्स कमिटी वर्षातून किती वेळा बसते, ग्रंथालयात जर्नल उघडतं का, हे विचारणारे फारच थोडे होते. शून्याला भागाकार लावला तरी उत्तर शून्यच येणार, हे मान्य. पण कशाने भागायचं ते तरी कळलं असतं.

आता पहिला प्रश्न. गुण द्यायचे कसे हे ठरवण्याआधी कशासाठी हे ठरवा, कारण तुमच्या अधिष्ठात्यांनी तीन वेगळी कामं एकाच पोत्यात भरलीत. प्रमोशनची पात्रता, निधीची वाटणी आणि नोटीस बोर्डावरची शोभा.

पात्रतेचं काम तुमचं नाहीच. ते दिल्लीहून ठरतं. २०२० मध्ये मेडिकल कौन्सिलने जाता जाता आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने नियम घातले, ते असे होते: सहयोगीला दोन पेपर, प्राध्यापकाला चार, ठरावीक इंडेक्समधल्या जर्नलांत, पहिल्या तिघांत नाव हवं किंवा करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पेपरबद्दल पत्रव्यवहार करणारा लेखक. मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, केस सिरीज चालायच्या. हा उंबरठा आहे. उंबरठा ओलांडला की ओलांडला, तो कोणी किती उंच उडी मारून ओलांडला हे बघायचं नसतं. घोटाळा होतो तो हाच उंबरठा कोणी फूटपट्टी म्हणून हातात घेतो तेव्हा. ‘प्रत्येक पेपरला ५ गुण’ म्हटलं की एका भाकरीचे चार चतकोर व्हायला वेळ लागत नाही. एकाच थिसिसमधून वयोगट वेगळा, लिंग वेगळं, गुंतागुंत वेगळी आणि ‘जिल्हा रुग्णालयातला आमचा अनुभव’ वेगळा. चार पेपर, वीस गुण, रुग्ण तेच शंभर.

चीनमध्ये हे फार पुढपर्यंत गेलं. तिथल्या रुग्णालयांत दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांचं प्रमोशन पेपरांवर बांधलेलं होतं. वेळ नाही, प्रयोगशाळा नाही, पण पेपर हवा. मग पेपर विकणारे कारखाने उभे राहिले. २०१७ मध्ये ‘ट्यूमर बायॉलॉजी’ या जर्नलमधले १०७ पेपर प्रकाशकाने एका झटक्यात मागे घेतले, कारण त्यांचं परीक्षणच बनावट होतं. लेखक जवळजवळ सगळे चीनमधले. २०२० मध्ये तिथल्या सरकारला सांगावं लागलं, की पेपर मोजून बढत्या आणि रोख बक्षिसं देणं थांबवा. आपण हसायचं कारण नाही. हैदराबादच्या एका प्रकाशन कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा लावला आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरच्या वरची रक्कम भरायला सांगितली, ती अशाच नावापुरत्या परीक्षणाच्या जर्नलांबद्दल. ‘डिअर एस्टीम्ड प्रोफेसर, ग्रीटिंग्ज’ अशा मेल तुम्हाला येत असतीलच. मला रिटायर होऊन सहा वर्षं झाली, मी पॅथॉलॉजीची, आणि मला अजून दंतवैद्यकाच्या जर्नलांची आमंत्रणं येतात.

इम्पॅक्ट फॅक्टर गुणिले २, हे तर आधी काढा. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नव्हे, माणसाचा तर नव्हेच. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढंच तो सांगतो. आणि सरासरी म्हणजे काय हे सर्जनला सांगायला नको. वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांचं सरासरी तापमान नॉर्मल असू शकतं. क्रिस्टलोग्राफीच्या एका जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये दोनच्या आसपास होता, २००९ मध्ये तो ४९.९ झाला. कारण एकच पेपर, एका संगणक प्रणालीवरचा, जो त्या शाखेतला प्रत्येकजण उल्लेखत होता. त्या वर्षी तिथे छापलेल्या बाकीच्या मंडळींनी काहीही वेगळं केलं नव्हतं. तुमच्या शीटप्रमाणे मात्र त्या प्रत्येकाला शंभर गुण मिळाले असते. इम्पॅक्ट फॅक्टरची ही युक्ती युजीन गारफिल्ड यांच्या फिलाडेल्फियाच्या संस्थेतून आली आणि ग्रंथपालांना जर्नलं निवडायला ती खरंच उपयोगी पडली. प्राध्यापक निवडायला ती कोणी वापरू नये, असं २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनीच जाहीरनामा काढून सांगितलं. त्यात भर म्हणजे शाखेशाखेचा पाऊस वेगळा. कार्डिओलॉजीत ज्या दर्जाच्या पेपराला शंभर उल्लेख मिळतील, त्याच दर्जाच्या अ‍ॅनाटॉमीच्या पेपराला आठ मिळाले तरी खूप. अ‍ॅनाटॉमीवाल्यांनी काय पाप केलंय?

आता जरा बाजूला जाते, पण रस्ता सोडत नाही.

तुमच्या शेजारच्या इमारतीत लेबर रूम आहे. तिथल्या रजिस्टरात आठवड्याला एकदा तरी कुठे ना कुठे ‘शिरोडकर’ असं लिहिलेलं सापडेल. गर्भाशयाचं तोंड सैल पडून पुन्हा पुन्हा गर्भ पडणाऱ्या बाईला घालतात तो टाका. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि जे. जे. रुग्णालयात स्त्रीरोगाचे प्राध्यापक. हॉर्मोनं देऊन आणि बिछान्यावर झोपवून ठेवूनही ज्या बायकांचं चौथ्या-पाचव्या महिन्यात जायचं, त्यांच्यात दोष गर्भाशयाच्या तोंडाच्या कमजोरीत आहे, असं त्यांनी धरलं. बाईच्या मांडीतल्या पडद्याची पट्टी काढली आणि तिने ते तोंड आतल्या बाजूला बांधून टाकलं. हे त्यांनी छापलं १९५५ मध्ये, ‘अँटिसेप्टिक’ या मद्रासहून निघणाऱ्या मासिकात. पानं २९९ आणि ३००. दोन पानं!

ही दोन पानं तुमच्या शीटमध्ये घाला. एक पेपर, ५ गुण. इम्पॅक्ट फॅक्टर गुणिले २, म्हणजे शून्य, कारण तेव्हा इम्पॅक्ट फॅक्टर हा प्रकारच बाजारात आलेला नव्हता. आणि सायटेशन? इथे खरी मेख आहे. एखादी गोष्ट इतकी रुळते, की तिला मूळ पेपरचा उल्लेख लागतच नाही. टाका घालणारी रजिस्ट्रार केसपेपरवर फक्त ‘शिरोडकर’ लिहिते आणि पुढच्या बाईकडे वळते. ती ‘अँटिसेप्टिक १९५५, पान २९९’ असं लिहीत नाही. कामाचा शेवटचा मान म्हणजे सायटेशन बंद होणं, असंही होतं. तुमच्या नोटीस बोर्डावर शिरोडकर सर कितवे आले असते, मला बघायला आवडेल.

म्हणून आकडे फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. आकडा नसला की ओळख चालते, आडनाव चालतं, चहा चालतो. मी त्या काळातली आहे, मला ते दिवस परत नकोत. आकडा शंका उभी करायला उत्तम. निकाल द्यायला नाही. दहा वर्षांत शून्य पेपर असेल तर जाऊन विचारा का. एका वर्षात तेवीस असतील तरी जाऊन विचारा कसे.

कसे, हे विचारल्यावर काय होतं तेही सांगते. एका निवड समितीत मी बाहेरची तज्ज्ञ म्हणून बसले होते. उमेदवार हुशार दिसत होते, फाइल चार बोटं जाड. मी त्यातला एक पेपर आदल्या रात्री वाचून गेले होते, मधुमेही पायाच्या जखमांवरचा. तक्ता २ मध्ये ‘२३ रुग्ण वगळले’ असं होतं, कारण कुठेच दिलेलं नव्हतं. मी विचारलं, ‘डॉक्टर, हे तेवीस कोण? का वगळले?’ ते तक्त्याकडे असे बघत राहिले जणू पहिल्यांदाच पाहताहेत. मग म्हणाले, ‘मॅडम, ते पीजीने केलं होतं.’ करस्पाँडिंग ऑथर ते स्वतः होते. खोली गप्प झाली. पंख्याचा आवाज येत होता, फाइलची पानं उडत होती आणि कोणी ती दाबून धरत नव्हतं.

त्या उमेदवारांवर हसायचा मला हक्क नाही. माझ्या नावावरही एक असा पेपर आहे, शेवटून दुसरं नाव. माझं योगदान एवढंच, की मी विभागप्रमुख होते आणि फॉर्मवर सही केली. ते वर्ष इन्स्पेक्शनचं होतं, मला एक पेपर हवा होता. बायोडेटात तो मी पुढची कित्येक वर्षं लिहिला.

तर सरांचा प्रश्न. त्यांच्यावर थेट बोट ठेवू नका. ठेवलंत तर ‘या बाईला स्वतःचा नंबर खटकतोय’ एवढंच बाहेर जाईल. आणि विभागप्रमुखाचं नाव पीजीच्या पेपरात असणं मुळात गैर नाही. विषय त्यांनी सुचवला असेल, पद्धत बसवून दिली असेल, मसुदा तीनदा लाल केला असेल, तर ते लेखक आहेतच. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती, जी १९७८ मध्ये व्हँकूव्हरला पहिल्यांदा बसली, तिच्या चार अटी सरळ आहेत: कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा ती तपासण्यात खरा हात हवा, लिहिण्यात किंवा डोकं लावून दुरुस्त करण्यात हात हवा, छापायच्या प्रतीला संमती हवी, आणि उद्या कोणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी हवी. चारही हव्यात. नुसती देखरेख, नुसती खुर्ची किंवा नुसते पैसे मिळवून देणं यासाठी आभाराची ओळ असते. तेवढ्यात सगळं आलं.

तेव्हा शीटऐवजी एक फॉर्म करा. प्रत्येकाने मागच्या पाच वर्षांतले आपले तीनच पेपर द्यायचे, आपण निवडून. प्रत्येकाखाली अर्धं पान, मराठीत लिहिलं तरी चालेल: यातला प्रश्न कोणाच्या डोक्यात आला, मी नेमकं काय केलं, आणि यामुळे कुठे काय बदललं. वॉर्डात, ओटीत, दुसऱ्याच्या हातात, कुठेही. काही बदललं नसेल तर तसं लिहायचं. ५२ वाला आणि १४ वाली दोघंही इथे तीनवरच येतात. ब्रिटनमध्ये सगळ्या विद्यापीठांचं संशोधन काही वर्षांनी तपासतात, तिथे २०२१ च्या फेरीत माणशी सरासरी अडीच कामंच मागितली होती. समित्यांनी ती वाचली, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर बघायचा नाही असा नियम होता, आणि पाव भार विद्यापीठाबाहेर काय बदललं याला होता. एवढी मोठी यंत्रणा वाचू शकते, तर ६१ शिक्षकांचे १८३ पेपर तुम्हाला जड नाहीत. तिघांत वाटले तर माणशी ६१. शाखेबाहेरचे वाचायला त्याच शाखेतला, पण दुसऱ्या कॉलेजातला, एक मित्र गाठा. चहापाण्यावर होतं.

त्याच फॉर्मवर एकराचा रकाना ठेवा. आठवड्याला किती ओपीडी, किती ओटी, किती तास शिकवणं, मदतीला रेसिडेंट किती. हे शिक्षकाला विचारू नका, हजेरीपटावरून आणि ओटी रजिस्टरवरून घ्या, नाहीतर प्रत्येकाची ओपीडी तीनशेची होईल. आणि तुलना विभागातल्या विभागात ठेवा. जमलं तर जे कोणी मोजत नाही तेही थोडं मोजा: ट्रायल सीटीआरआयमध्ये, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत, रुग्ण घेण्याआधी नोंदवली होती का, आणि निकाल मनासारखा आला नाही तरी छापला का. असा पेपर माझ्या लेखी दोन चकचकीत पेपरांना भारी.

निधी यादीप्रमाणे वाटायचा हा विचार अधिष्ठात्यांच्या डोक्यातून काढता आला तर काढा. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यालाच आणखी एक मोटर, असं ते आहे. शून्य पेपरवाल्या विभागांना अर्धवेळ स्टॅटिस्टिशियन आणि महिन्याला दोन मोकळे दिवस मिळाले तर तिथे काय उगवतं ते दोन वर्षांनी बघा. नोटीस बोर्डाबद्दल मात्र ठाम राहा. ३८वी आणि ३९वी यांच्यात जो अर्ध्या गुणाचा फरक आहे, तो कुठल्याही पद्धतीने सिद्ध करता येत नाही, आणि बोर्डावर लागल्यावर पुसताही येत नाही. ‘सर, हे गुण आरटीआयमध्ये मागितले तर पद्धत आपल्याला लिहून द्यावी लागेल,’ एवढं एक वाक्य बैठकीत सहज बोलून बघा. बरीच कामं होतात त्याने.

तुमचे तीन कोणते द्यायचे हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी तुमचे पाच-सहा वाचले म्हणून सांगते. ३१ सायटेशनवाला लॅप्रोस्कोपीचा देऊ नका. तो ठीक आहे, तसे पुष्कळ आहेत. तुमच्या यादीत अगदी तळाला एक आहे, शून्य सायटेशनचा: मळणीयंत्रात हात गेलेल्या रुग्णांचा. सोयाबीनच्या हंगामात ते किती वाजता येतात, किती तासांनी येतात, गावात हाताला काय बांधून आणतात, बोट वाचलं का. तो पहिला द्या. तालुक्याच्या मेडिकल ऑफिसरांच्या ट्रेनिंगला त्यातला तो हळद-चुन्याचा परिच्छेद कोणी वापरला असेल तर अर्ध्या पानात ते लिहा. वापरला नसेल तर येत्या सप्टेंबरच्या आत त्यांना वाचायला पाठवा.

आणि हो, त्याच पेपरातल्या तक्ता ३ ची बेरीज ४१ येते. मजकुरात तुम्ही ४२ रुग्ण लिहिलेत. जर्नलला दुरुस्ती पाठवा.